सेक्शन कुणाचा

४ जुलै, शुक्रवार. फोंडा

पाऊस धरून बसलाय. आमच्या आर्किटेक्ट सरांच्या पुरस्कारासाठीच्या नामांकनाचा पहिला मसुदा आज छापून काढला, चाळीस पानं. मी अगदी खुशीत होते. चहा घेता घेता अनोळखी माणसासारखा वाचून पाहावा म्हटलं, तर तिसऱ्या पानावर मलाच जांभई आली.

मागच्या वर्षी एका छोट्या पुरस्काराच्या छाननीला बसले होते. सत्तावन्न फाइली आणि दोन दिवस. पहिलं पान आम्ही सगळेच नीट वाचायचो. मग फोटो आणि त्यांच्या खालच्या ओळी. शिफारसपत्रांचा जेमतेम पहिला परिच्छेद. बाकीचं चाळायचं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ज्याची फाइल उघडली गेली त्याचं नशीबच फुटकं. आणि जवळजवळ प्रत्येक फाइलीत तेच: संवेदनशील, कालातीत, मातीशी नाळ. सत्तावन्न जणांची नाळ त्याच मातीशी!

पेन्सिल घेऊन पहिल्या दोन पानांतली विशेषणं खोडली. तेवीस निघाली. पणजीच्या कला अकादमीला 'भव्य' म्हटलं तर काय कळणार? कांपालच्या रस्त्यावरून आत शिरलेला माणूस एकही दार न उघडता छपराखालून थेट मांडवीकाठी पोचतो, एवढं लिहिलं की तिचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी काय केलं ते दिसतं. १९८४ साली त्यांना रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा अकादमी नुकती कुठे पुरी झाली होती.

सरांना हे प्रकरणच मुळात पसंत नाही. "बाळकृष्ण दोशींना प्रिट्झकर, आमच्या क्षेत्रातला सर्वात मोठा पुरस्कार, मिळाला २०१८मध्ये, नव्वदी गाठल्यावर. मला अजून बराच वेळ आहे," म्हणाले. मुदत मात्र ३१ जुलैची आहे आणि ती नव्वदीपर्यंत थांबणार नाही.

६ जुलै, रविवार

एकादशी. साबुदाणा, वरीचे तांदूळ, रताळी. उपासाच्या नावाखाली रोजच्यापेक्षा जास्तच खाल्लं.

दुपारी वहीत एकच प्रश्न लिहून बसले: सर नसते तर इथे काय झालं नसतं? घरं झालीच असती. दुसऱ्या कुणीतरी बांधली असती, कदाचित चांगलीही. 'दीडशेहून अधिक घरांची रचना' हे वाक्य म्हणून पहिल्या पानावरून उडालं. पुरस्कारांची यादी उडाली, परिषदांतली भाषणं तर केव्हाच उडाली होती.

शेवटी उरला चुना.

आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर ठेवला की कडक होतो. पण तो भोकाभोकांचा. जमिनीतूनही पाणी पितो आणि आभाळातूनही, आणि गोव्यात आभाळाला वर्षाकाठी शंभर-सव्वाशे इंच पाणी देता येतं. जुन्या घरांचा चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू बाहेर सोडायचा. मग सिमेंट आलं. लोकांनी चुना खरवडून काढला आणि वर सिमेंट चोपडलं. पाणी फटींतून आत जायचं ते जातच राहिलं, बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली. दोन पावसाळ्यांत भिंत फुगते, पापुद्रे निघतात, आतल्या खोलीला कुबट वास येतो. मग मालक म्हणतो, चिराच वाईट.

सर चुना वापरत राहिले ही मोठी गोष्ट नव्हे. हौशी मालक मिळाला की कुणीही वापरतो. सरांनी एस्टिमेटमध्ये चुन्याच्या गिलाव्याची स्वतंत्र ओळ घातली: माप, प्रमाण, दर, किती दिवस भिजवायचं, सगळं. एस्टिमेटमध्ये ओळ नसेल तर कंत्राटदार ते काम करत नाही, आणि केलंच तर तोट्यात करतो. शिवाय ऑफिसच्या मागच्या अंगणात चुन्याचा खड्डा खणून ठेवला. विरलेला चुना तिथे पाण्याखाली आठवडेच्या आठवडे पडून असतो, वरून दुधासारखा, आत लोण्यासारखा. नवा गवंडी आला की सर त्याला त्या चुन्यात वाळू कालवायला लावतात आणि मग म्हणतात, थापी उलटी धर. माल चिकटून राहिला तर पास. मी लागले त्या वर्षी मलाही धरायला लावली होती. माझा माल चपलेवर पडला.

पहिल्या पानाचं पहिलं वाक्य हेच. पुरावा म्हणून सरांच्या हाताखाली शिकलेल्या गवंड्यांची यादी जोडायची, आणि त्यांनी सरांशिवाय केलेली घरं, सालांसकट. ही दुसरी यादी जास्त महत्त्वाची.

११ जुलै, शुक्रवार

शिफारसपत्रं आली. तिन्ही सारखीच! 'ऋषितुल्य' तिन्हींत आहे. चूक माझीच, तिघांनाही 'संदर्भासाठी' म्हणून माझा मसुदा पाठवला होता, त्यांनी बिचाऱ्यांनी तोच परत केला.

आज तिघांना फोन करून वेगवेगळं मागितलं. सावईवेऱ्याच्या घरमालकांना म्हटलं, सरांबद्दल काही लिहू नका. दुरुस्तीआधी दर उन्हाळ्यात भिंतींवर काय खर्च व्हायचा आणि आता काय होतो, तेवढंच लिहा. ते म्हणाले, "एवढं साधं? मग ते बायकोच लिहील, हिशेब तिच्याकडे असतो." इंजिनिअरना एस्टिमेटच्या त्या ओळीबद्दल विचारलं. तिसरे सरांचे विद्यार्थी, आता मुंबईत. त्यांना सांगितलं की सरांचं न पटलेलं एखादं मत असेल तर तेही येऊ द्या. ते घाबरले. बघू.

१५ जुलै, मंगळवार

दुपारी वीज गेली. टॉर्च लावून माळ्यावर चढले. शाळेच्या इमारतीचं मूळ ड्रॉइंग हवं होतं, कारण आम्ही निवडलेल्या पाच कामांत ती पहिली आहे. मधलं राजांगण, दोन्ही बाजूंना वर्ग, आणि कौलारू छपराला मध्येच दिलेली पायरी. त्या पायरीतून गरम हवा निघून जाते, पाऊस मात्र आत येत नाही. मसुद्यात मी ठोकून दिलं होतं: 'छपराची ही कल्पना सरांची.'

रोल सापडला. ट्रेसिंग पिवळं पडलंय, कडा वाळवीनं चाखलेल्या. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं ड्रॉइंग, उलगडला. वाशांच्या जाडीपासून कौलांच्या ओळींपर्यंत सगळं शाईनं काढलेलं, आणि समासात पेन्सिलीचे वाऱ्याचे बाण, खोडून पुन्हा काढलेले, सहा-सात वेळा तरी. हे कुणी नक्कल केलेलं ड्रॉइंग नव्हे. काढता काढता विचार केलेला दिसतो. कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीत, टायटल ब्लॉकमध्ये, अक्षर सरांचं नाही. ताईंचं आहे.

ताई सरांच्या भागीदार होत्या, मी यायच्या कितीतरी आधी. ऑफिसात त्यांचा विषय निघतो तो दिवाळीच्या फराळापुरता.

मेणबत्तीच्या उजेडात व्हेंचुरी आठवत बसले. १९९१चं प्रिट्झकर अमेरिकन वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरींना एकट्याला दिलं. डेनीस स्कॉट ब्राउन तोवर कितीतरी वर्षं त्यांच्या बरोबरीनं काम करत होत्या. २०१३मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी त्यांना मागाहून तरी मान द्या म्हणून सह्या गोळा केल्या, पण जुना निकाल बदलणार नाही असं उत्तर आलं. त्याच वर्षी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं मात्र आपल्या सुवर्णपदकाचा नियम बदलला, दोघांना मिळून पदक देता येईल असा, आणि २०१६चं पदक या दोघांना दिलं. हे कॉलेजात शिकले तेव्हा परीक्षकांवर भरपूर चिडले होते. नामांकन लिहिणाऱ्यांवर चिडायचं सुचलं नव्हतं.

१८ जुलै, शुक्रवार

मडगावला ताईंकडे जाऊन आले. ड्रॉइंगचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या.

"छप्पर माझं," म्हणाल्या. "भिंती त्याच्या. पायरीची उंची मेस्तानं बदलली, मला न विचारता. ती बरोबर निघाली म्हणून मी गप्प."

मी म्हटलं, तुमचं नाव घालते, सहकारी म्हणून.

"सहकारी? मी काय दूध सोसायटी आहे गो? छपराची रचना अमुक हिची, असं लिही. नाहीतर लिहूच नको."

खायला फणसाची सांदणं होती. निघताना म्हणाल्या, काम झालं की तो रोल मला आणून दे, तुमच्याकडे वाळवी आहे.

२४ जुलै, गुरुवार

चार दिवस टाळलं, आज सरांसमोर सेक्शन पसरला. आधी म्हणाले, "माझ्याच देखरेखीखाली झालंय ते." मग वाकून बाण बघू लागले. मग खुर्चीत बसले. "मी या छपराच्या विरुद्ध होतो. गळेल म्हणालो होतो. तीन महिने भांडलो आम्ही."

मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं. जरा उद्धटच झालं ते.

"हरलो. आणि मग मंजुरीसाठी आठ महिने फेऱ्या मारल्या. त्यांना सरळ स्लॅब हवा होता."

हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आठ महिने कुणाच्या तरी छपरासाठी चपला झिजवणं माझ्या लेखी त्या खोट्या वाक्यापेक्षा कितीतरी भारी आहे. अर्जात नामांकिताच्या नावाची चौकट एकच, तिथे काही करता येत नाही. पण फोटोखाली आता तीन ओळी आहेत: छपराची रचना ताईंची, पूर्ण नावानं, पायरीची उंची मेस्ताची, भिंती आणि मंजुरीचा पाठपुरावा सरांचा. बाकीच्या चार कामांखालीही तसंच करायला घेतलं, तर दोन ठिकाणी पुन्हा माळ्यावर चढावं लागलं. एका घराच्या बलकांवाचं, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीचं, श्रेय खुद्द मालकिणीच्या सासूबाईंना द्यावं लागलं. कटाक्षानं दिलं.

३० जुलै, बुधवार

रात्री पावणेदहाला अर्ज गेला. चाळीसची चौदा पानं झाली. फाइल दहा एमबीच्या वर जात होती म्हणून राजांगणाचा सर्वात सुंदर फोटो काढून टाकला आणि गवंड्यांची यादी ठेवली. मुंबईचं पत्र शेवटच्या दिवशी आलं. सर नव्या सिमेंटबद्दल ऐकूनच घेत नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तसंच जोडलं.

संध्याकाळी रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून मडगावला न्यायला काढून ठेवला होता. सरांनी दोरी सोडून त्यातला तो सेक्शन बाहेर काढला. "हा राहू दे इथे. तिला झेरॉक्स दे." ताईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, झेरॉक्स त्याला दे.

उद्या फोंड्यात दुकान उघडलं की दोन झेरॉक्स काढीन. मूळ सध्या माझ्या घरी आहे, कपाटाच्या वर, डांबराच्या गोळ्या घालून.