पीसी की पीएस५? तुम्ही विचारलंत म्हणून

"पोराला गेमिंग पीसी घेऊन देऊ की पीएस५? स्वस्त काय पडेल?" लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, बिल्डिंगच्या जिन्यात, सगळीकडे हाच प्रश्न. (पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल.) मी आकडे सांगतो आणि विचारणारा नाराज होतो.

आकडे पुन्हा सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला पीएस५ ४९,९९० रुपयांना होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. तेवढ्या पैशात त्या ताकदीचा नवा पीसी बसत नव्हता. वर मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस वेगळं. पण कन्सोलवर विकतचे बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी भरावी लागते, पीसीवर नाही. सोनीचे मोठे गेम तेव्हा ४,९९९ ला. डिस्क मात्र खेळून झाली की विकता येते. झालं.

मी स्वतः पीसी घेतला, २०२१ साली. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे ते कमवायला ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस राबवणाऱ्यांनी, कार्डांचा बाजार तेव्हा पार उचलून नेला होता. त्याच्या दीड वर्ष आधी वीस-एकवीस हजारांना मिळणारं १६६० सुपर हे कार्ड चाळिशीच्या पुढे गेलेलं. पीएस५ बुकिंग उघडलं की काही मिनिटांत संपायचा. बाबांना मी म्हणालो, "पीसीवर अभ्यासही होईल." त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकाकडे तेच कार्ड ३२ हजारांना मिळालं, वापरलेलं. खोका नव्हता, सिरीयल नंबरचा स्टिकर खरवडलेला, बिल म्हणजे वहीचं पान. मायनिंगचं आहे का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी विचारला नाही, कारण उत्तर मला ऐकायचं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चार महिन्यांनी स्क्रीनवर हिरव्या रेषा आल्या, मग चौकटी, मग काळोख. प्रोसेसर रायझन ३६००. त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड मेलं की अख्खा पीसी आंधळा. दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. घरी बाबांनी एवढंच विचारलं, "अभ्यासाला हे कार्ड लागतं का रे?" कर्जाचे चौदा हप्ते बाकी होते.

त्या वेळचा मी मित्रांना ठासून सांगायचो की कन्सोल म्हणजे पैसे पाण्यात, पीसी घरात कामाला येतो. चूक होतं का ते? जीटी ७१० हे जुनं, साधं कार्ड लावून त्याच पीसीवर मी व्हिडिओ एडिटिंग शिकलो, लग्नांच्या फिल्म कापून शेवटचे सहा हप्ते मीच भरले. म्हणजे बरोबरही होतं. पण बाबांकडे पैसे मागताना माझ्या मनात एडिटिंग नव्हतं, गेम होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, कार्डं स्वस्त झाली. थांबलो असतो तर, असं अजूनही वाटतं. पण वय एकोणीस आणि घरात कोंडलेलो, थांबणार कसा?

गेल्या महिन्यात भाचीने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "घरी काय सांगून पैसे मागणार आहेस?" ती म्हणाली, "मामा, कोडिंगला लागेल ना." काय घ्यावं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.