आमची वाटचाल : वाचून दाखवल्याशिवाय पोस्ट जात नाही

सोलापुरातील हॉटेलवाले आम्हाला ‘गुगलवाले’ म्हणून ओळखतात आणि ही ओळख आम्ही कष्टाने मिळवलेली आहे. हॉटेल, खानावळ किंवा आइस्क्रीमच्या दुकानाची गुगल मॅपवर जी प्रोफाइल असते, तिच्यावर ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी आपोआप पोस्ट जाईल अशी व्यवस्था लावून देणे, हे आमचे काम. २०१८ साली मी आणि माझा वर्गमित्र अशा दोघांनी नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेऊन ते सुरू केले. त्या वेळी या सेवेला गुगल माय बिझनेस म्हणत. गुगल बिझनेस प्रोफाइल हे नाव २०२१ च्या अखेरीस आले. पोस्टची सोय २०१७ मध्येच खुली झाली होती आणि साधी पोस्ट सात दिवसांनी समोरून दिसेनाशी होत असे. ज्या मालकाचा दिवस पहाटे मंडईत सुरू होतो आणि रात्री गल्ला मोजून संपतो, त्याने दर आठवड्याला नवी पोस्ट लिहावी ही अपेक्षाच चुकीची होती. आमचा व्यवसाय त्या अडचणीवर उभा राहिला.

माझ्या वडिलांचे आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागातील चादरीच्या कारखान्यांसाठी जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, कार्डे तयार करण्यात गेले. नक्षीच्या आलेखावरील एकेक ओळ वाचायची, पुठ्ठ्याच्या कार्डावर तेवढीच छिद्रे पाडायची आणि सगळी कार्डे क्रमाने शिवून मागावर चढवायची, असे ते काम. एक छिद्र चुकले तर मोराची मान प्रत्येक चादरीत त्याच जागी तुटते. म्हणून वडील ओळ आधी मोठ्याने वाचत आणि मगच छिद्र पाडत. पुढे जायच्या पोस्टची यादी असलेली आमची गुगल शीट पाहिल्यावर ते म्हणाले होते, "ही कार्डंच आहेत की." तारीख, वेळ, हॉटेलचा क्रमांक, मजकूर, फोटो आणि बटण असे सहा रकाने, आणि एका ओळीत एक पोस्ट, एवढीच ती रचना होती. ओळ मोठ्याने वाचण्याची त्यांची सवय मात्र मी तेव्हा उचलली नाही.

शीट वाचून पोस्ट पाठवणारा पहिला प्रोग्रॅम माझ्या मित्राने ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गुगल शीटसोबत मिळणाऱ्या सोयीत, लिहिला. त्यात प्रत्येक वेळी सहा मिनिटांत काम आटोपावे लागे, त्यामुळे हॉटेले वाढल्यावर आम्ही भाड्याच्या सर्व्हरवर गेलो. तेथे पहिल्याच दिवशी सकाळी अकराची जेवणाची पोस्ट संध्याकाळी साडेचारला गेली, कारण सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. हे काम नव्याने करणाऱ्याने वेळ नेहमी ती कोणत्या देशाची हे सांगणाऱ्या वेळ-विभागासह नोंदवावी. मजकुरात फोन नंबर लिहू नये, कारण तशी पोस्ट नाकारली जाते. त्यासाठी कॉलचे बटण दिलेले आहे. फोटो १२०० बाय ९०० पिक्सेलचा, म्हणजे चारास तीन या प्रमाणात घ्यावा, नाहीतर ताटातील नेमकी भाकरी कापली जाते.

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे पुणे नाक्याच्या बाजूची एक शाकाहारी खानावळ. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणतात, आम्हीही म्हणतो. दहा टेबले, कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगा चटणी आणि गुरुवारी अक्कलकोटला जाणाऱ्या भाविकांसाठी पहाटेपासून चहा. आक्कांनी पहिल्या महिन्याचे पैसे दिले तेव्हा पावती मागितली नाही, मात्र एक अट घातली : "माझ्या नावानं जे जाईल त्यात खोटं काही नको. शेंगा पोळी संपली असेल तर संपली म्हणून लिहा." ती अट आम्ही आजतागायत पाळत आलो आहोत. लॉकडाऊनमध्ये वेळा आणि पार्सलच्या सूचना बदलत ठेवण्याचे काम आम्ही कोणाकडूनही पैसे न घेता केले, आणि २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे ४१ प्रोफाइली झाल्या होत्या.

त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जून रोजी, गुरुवारी आली. शीटमध्ये आक्कांच्या ओळीत भगर, शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी होती. तिच्या लगेच खालच्या ओळीत एका बिर्याणी हॉटेलची ईदची पोस्ट होती. आदल्या रात्री साडेअकराला ज्याची ओळ शीटमध्ये आक्कांच्या वर होती अशा एका हॉटेलमालकाचा फोन आला की त्याची उद्याची पोस्ट रद्द करावी. मी त्याच्या ओळीतील मजकूर आणि फोटो हे दोन सेल निवडून डिलीट केले. ते नुसते पुसायला हवे होते. डिलीट करताना मी खालचे सेल वर सरकण्याचा पर्याय दाबला, त्यामुळे त्या दोन रकान्यांतील खालचा सगळा मजकूर एकेक ओळ वर चढला आणि हॉटेलांचे क्रमांक मात्र जागच्या जागी राहिले. प्रोग्रॅमने सकाळी सात वाजता आपले काम चोख केले. आक्कांच्या प्रोफाइलवर, एकादशीच्या दिवशी, मटण दम बिर्याणीचा फोटो झळकला. बिर्याणीवाल्याकडे आइस्क्रीम गेले. एकूण ११ प्रोफाइली चुकल्या.

सात वाजून वीस मिनिटांनी आक्कांच्या मुलाचा फोन आला. तो ओरडला नाही, त्याने फक्त विचारले, "दादा, हे काय आहे?" आठ वाजायच्या आत मी सगळ्या पोस्ट काढल्या. तोवर आक्कांच्या पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरू लागला होता.

यानंतर जे घडले ते मी आजही विसरलेलो नाही. आमच्याच शहरातील आमच्याच व्यवसायातील एक संस्था तो स्क्रीनशॉट छापून, हो, कागदावर रंगीत छापून, आमच्या एकेका गिऱ्हाइकाकडे घेऊन गेली. चूक आमची होती आणि ती दाखवण्याचा त्यांना अधिकार होता, हे मी मान्य करतो. पण त्यासोबत त्यांनी मॅपवर पहिल्या क्रमांकाची हमी दिली. अशी हमी कोणालाही देता येत नाही. शोधाशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी यांवर क्रम ठरतो आणि पैसे देऊन तो वर नेता येत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवले आहे. आम्ही पाच वर्षे गिऱ्हाइकांना हेच खरे सांगत होतो. त्यांनी दोन महिने खोटे सांगितले आणि आमच्या ४१ पैकी १८ प्रोफाइली त्यांच्याकडे गेल्या. ज्यांचे एका अक्षराचेही नुकसान झाले नव्हते, असे कित्येक जण त्यांत होते. त्यांपैकी चौघांना वर्षभरात कळले की त्यांच्या प्रोफाइलची प्रमुख मालकी त्या संस्थेने आपल्या ई-मेलवर घेतलेली आहे. एकाच्या प्रोफाइलच्या नावात ‘सोलापूरची बेस्ट बिर्याणी’ असे शब्द घुसवलेले होते आणि त्यावरून ती प्रोफाइल निलंबितही झाली. ते काम निस्तरायला शेवटी आमच्याकडेच आले. मालकीसाठी विनंती पाठवली, तीन दिवस उत्तराची वाट पाहिली आणि पुढची सगळी कागदपत्रे आम्ही जोडून दिली. प्रत्येक मालकाला मी हात जोडून सांगतो की प्रमुख मालकी स्वतःच्या ई-मेलवर ठेवा आणि आमच्यासारख्यांना केवळ मॅनेजर करा. आम्हालाही त्याहून अधिक काही देऊ नका.

२०२३ च्याच ऑगस्टमध्ये माझ्या मित्राने पुण्यात नोकरी धरली. त्याच्या घरी लहान बाळ होते, त्यामुळे त्याला दोष देण्यासारखे काही नव्हते. जाताना त्याने प्रोग्रॅममधील प्रत्येक भागाचे स्पष्टीकरण मराठीत लिहून दिले. ती वही माझ्या टेबलावर अजून आहे. नवी पेठेची खोली सोडून मी घरातील पुढच्या खोलीत काम हलवले.

आक्कांकडे मी एकादशीच्या दिवशीच दुपारी गेलो होतो. गर्दी ओसरली होती आणि त्या भगर निवडत बसल्या होत्या. मी माफी मागितली आणि यापुढे दुसरे कोणी पाहावे, असेही सांगितले. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "ते काढलंस ना? मग लॅपटॉप उघड आणि उद्यापासून पुढच्या महिनाअखेरपर्यंत काय काय जाणार आहे ते मला वाचून दाखव. मला चष्म्याशिवाय दिसत नाही." मी वाचू लागलो. तिसऱ्याच ओळीला त्यांनी अडवले, कारण त्या दिवशी खानावळ बंद राहणार होती आणि ते मला माहीत नव्हते. वडिलांची कार्डे मला त्या क्षणी आठवली.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला महिन्यातून एकदा संपूर्ण शीट वाचून दाखवल्याशिवाय आम्ही ती प्रोग्रॅमला देत नाही. मजकुराच्या शेजारच्या रकान्यात हॉटेलचा क्रमांक पुन्हा एकदा लिहिला जातो. आता डिलीट करायचे असेल तर मजकूर, फोटो आणि हा क्रमांक एकत्रच हलतात, आणि हॉटेलच्या मूळ रकान्यातील क्रमांकाशी तो जुळला नाही तर ती ओळ जातच नाही. रात्री नऊनंतर शीटला हात लावायचा नाही. पोस्ट रद्द करायची असेल तर केवळ ‘थांबवा’ असा शब्द लिहायचा. या पद्धतीने आज आमच्याकडे ३६ प्रोफाइली आहेत.

आता पोस्ट पुढच्या तारखेला लावण्याची सोय गुगलने प्रोफाइलमध्येच दिली आहे. मग तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे, असे काही जण विचारतात. ज्यांना स्वतः वेळ काढणे शक्य आहे त्यांना मी ती सोय शिकवून येतो आणि त्याचे काही घेत नाही. उरलेल्यांना कोणत्या दिवशी काय लिहावे हे ठरवण्यासाठी समोर बसणारा माणूस हवा असतो.

जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची शीट घेऊन मी गेल्या डिसेंबरात आक्कांकडे बसलो होतो. यात्रेत संमती कट्ट्यावर दुपारी होणाऱ्या अक्षता सोहळ्याच्या दिवसाची ओळ मी वाचली : दुपारी बारा, बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी. आक्का म्हणाल्या, "अक्षतेच्या दिवशी दुपारी इकडं कोण येणार? सगळं गाव संमती कट्ट्यावर असतं. संध्याकाळी सातची कर, परतताना भूक लागलेली असते." मी बाराचे सात केले, ओळ पुन्हा मोठ्याने वाचली, आणि त्यांनी मान हलवल्यावर पुढच्या ओळीवर गेलो.