तो एक 'च'

"बाळाला डब्याचंच दूध देतेस का गं अजून?" लिफ्टमधे शेजारच्या काकूंनी विचारलं. आवाज मायेचाच होता, पण तो 'च' दिवसभर डोक्यातून जाईना.

रात्री तीनला उकळलेलं पाणी, ३० मिलीला दूध पावडरचा एक सपाट चमचा, झोपेत मोजणी चुकली की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून, हे कुणाला दिसतच नाही ना.

आज सहा महिने पूर्ण झाले म्हणून नाचणीचं सत्त्व केलं, मीठ नाही साखर नाही. पहिला चमचा जिभेने बाहेर, दुसरापण. तिसऱ्याला माझं बोट घट्ट धरलं आणि गिळलं बाळाने, हनुवटीवर तपकिरी ओघळ.

पोट भरतं ना गं त्याचं, असं का नाही विचारत कुणी?