अमेरिकेची अधेली

न्यू जर्सीतील चेरी हिलला राहायला येऊन सहा वर्षे होईपर्यंत अमेरिकेत अर्ध्या डॉलरचेही नाणे असते, हे मला ठाऊक नव्हते. पेनी, निकेल, डाइम आणि क्वार्टर, म्हणजे अनुक्रमे एक, पाच, दहा आणि पंचवीस सेंट, एवढ्यांवर इथला सारा खुर्दा भागतो. एका शनिवारी शेतकरी बाजारात टोमॅटो घेतल्यावर तिथल्या वयस्कर शेतकऱ्याने एका डॉलरची मोड म्हणून दोन मोठी, जड नाणी माझ्या हातावर ठेवली, तेव्हा मला ती जत्रेतल्या पाळण्याची टोकन वाटली होती. घरी येऊन नीट पाहिले तर एका बाजूला डावीकडे पाहणारा राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेतला गरुड होता, आणि खाली चक्क ‘हाफ डॉलर’ असे कोरलेले होते. चवली, पावली आणि अधेली मोजत संसार केलेल्या माझ्या आजीने त्याला एका शब्दात नाव दिले असते: ही अमेरिकेची अधेली.

आपल्याकडची अधेली महागाईने गेली. पन्नास पैसे कायद्याने आजही चलनात असले, तरी त्यांत काहीच येत नसल्यामुळे दुकानदार ते घेत नाही. अमेरिकेच्या अधेलीचे तसे नाही. अर्धा डॉलर अडगळीत गेला तो आधी लोकांच्या प्रेमामुळे आणि मग लोकांच्या हिशेबीपणामुळे.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांची हत्या झाली आणि ३० डिसेंबरला त्यांच्या चेहऱ्याचे नाणे काढण्याच्या कायद्यावर सहीसुद्धा झाली. क्वार्टरवरून जॉर्ज वॉशिंग्टन यांना हटवणे त्यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांना रुचत नव्हते, म्हणून अर्ध्या डॉलरची निवड झाली. केनेडी यांच्या अधिकृत पदकासाठी गिलरॉय रॉबर्ट्स आणि फ्रँक गॅस्पारो या शिल्पकारांनी केलेले काम टांकसाळीत तयारच होते, त्यामुळे इतक्या घाईतही नाणे वेळेवर उतरले. २४ मार्च १९६४ ला ते लोकांच्या हाती आले आणि हातातच राहिले. १९६४ हे साल असलेले सुमारे ४३ कोटी अर्धे डॉलर पाडले गेले, तरी ते बाजारात दिसेनात, कारण ज्याला मिळे तो ते आठवण म्हणून कपाटात ठेवी. याच साली मे महिन्यात पंडित नेहरू गेले आणि भारत सरकारनेही त्यांच्या चेहऱ्याचा रुपया आणि पन्नास पैशांचे नाणे काढले. त्यातले एक पन्नास पैशांचे नाणे आमच्या साताऱ्याच्या घरी देव्हाऱ्याच्या खणात पडून असे. ते खर्चायचे नाही, एवढेच आम्हा मुलांना माहीत होते. दोन देशांत, एकाच वर्षी, एकाच कारणाने आणि दोन्हीकडे अर्ध्याच किमतीच्या नाण्यावर हे घडले, याचे मला अजून नवल वाटते.

प्रेमाच्या जोडीला चांदी होती. १९६४ चा अर्धा डॉलर साडेबारा ग्रॅम वजनाचा आणि ९० टक्के चांदीचा, म्हणजे त्यात सव्वाअकरा ग्रॅम शुद्ध चांदी. चांदी महाग होऊ लागली तशी सरकारने १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढून टाकली, मात्र अर्ध्या डॉलरमध्ये ४० टक्के राहू दिली. हा मला धोरणातला मोठा घोटाळा वाटतो. बाकी सारा खुर्दा बिनचांदीचा आणि एकच नाणे चांदीचे असेल, तर ते खर्च करण्याइतका भाबडा माणूस कुठल्याच देशात सापडायचा नाही. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हुसकून लावते, हा अर्थशास्त्राचा जुना नियम इथे एकाच नाण्यापुरता तंतोतंत खरा ठरला. १९७१ मध्ये तांब्याचा गाभा आणि वरून तांबे-निकेलचा थर असे साधे नाणे आले, पण तोवर लोकांना क्वार्टरवर भागवायची सवय लागली होती. आजही विक्रीयंत्रे सहसा अर्धा डॉलर घेत नाहीत आणि दुकानांच्या गल्ल्यात त्याच्यासाठी कप्पाच नसतो. मी एकदा दुधाचे पैसे देताना चार अर्धे डॉलर पुढे केले, तर गल्ल्यावरच्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिले, व्यवस्थापकाला बोलावले आणि शेवटी नाइलाजाने नोटांखालच्या फटीत सारले. २००२ ते २०२० या काळात तर टांकसाळ हे नाणे नेहमीच्या चलनासाठी पाडतच नव्हती. संग्राहकांना दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन ते विकत असे.

पण बँका आजही हे नाणे देतात. वीस नाण्यांचा कागदी रोल दहा डॉलरला मिळतो आणि पन्नास रोलचे खोके पाचशे डॉलरला. खोक्यासाठी काही दिवस आधी सांगून ठेवावे लागते. हजार नाण्यांचे ते खोके अकरा किलोंहून जड असते आणि दर्शनी किमतीतच मिळत असल्यामुळे या छंदात फार तर वेळ बुडतो, मुद्दल बुडत नाही. अशा खोक्यांतून चांदी शोधणाऱ्यांचा इथे मोठा वर्ग आहे.

माझे पहिले खोके मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून उघडले. रोलचा कागद फाडून वीसही नाणी एका ओळीत आडवी लावायची आणि चेहरा न पाहता फक्त कड पाहायची. १९७१ पासूनच्या नाण्याच्या कडेवर तांब्याचा लालसर पट्टा स्पष्ट दिसतो, ९० टक्के चांदीची कड अखंड पांढरी असते आणि ४० टक्के चांदीच्या नाण्याच्या कडेला मळकट, करडी झाक असते, जी दिव्याखाली सवयीच्या डोळ्यालाच कळते. तरीही शंका उरली तर मी आजीची रीत वापरते. आजी चांदीचा रुपया शहाबादी फरशीवर वाजवून घेत असे; चांदी खणखणीत वाजते आणि तिचा नाद रेंगाळतो, भेसळीचे नाणे बद्द वाजते. माझ्या स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरही हा नियम चालतो. पहिल्या खोक्यात अशी तीन नाणी निघाली, तिन्ही १९६७ ची, ४० टक्क्यांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोक्यात एकही नाही. उरलेली नाणी दुसऱ्याच बँकेत नेऊन भरायची, नाहीतर आपणच नाकारलेली नाणी पुढच्या खेपेला पुन्हा आपल्याच पदरात पडतात. माझ्याकडून ती मोजून घेताना तिथल्या एका कर्मचाऱ्याने एवढा उसासा टाकला, की मी पुढच्या वेळी ती थोडी थोडी करून नेली.

चांदी मिळेना, तेव्हा मी नाण्यांवरचे वाचू लागले आणि खरी गोडी तिथे लागली. फिलाडेल्फियाची टांकसाळ आमच्या घरापासून डेलावेअर नदीच्या पलीकडे, अर्ध्या तासावर आहे. तिथल्या अर्ध्या डॉलरवर १९७९ पर्यंत कुठलीच खूण नसे. कोलकात्याच्या टांकसाळीचीही नाणी अशीच बिनखुणेची असतात, तर मुंबईच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते. डेनव्हरच्या टांकसाळीच्या नाण्यावर ‘डी’ असतो, मात्र १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत तोही गायब आहे, कारण नाण्यांच्या टंचाईला संग्राहक जबाबदार आहेत, असे सरकारला वाटत होते आणि खुणाच नसल्या तर ते कमी साठवतील, असा त्यामागे हिशेब होता. १९७५ आणि १९७६ मध्ये पाडलेल्या नाण्यांवर १७७६–१९७६ असे जोडसाल असून मागे फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल आहे.

केनेडींच्या आधी, १९४८ ते १९६३ या काळात, याच नाण्यावर बेंजामिन फ्रँकलिन होते. मागच्या बाजूला तडा गेलेली लिबर्टी बेल आहे आणि तिच्या उजवीकडे एवढासा गरुड आहे, जणू चित्र पूर्ण झाल्यावर कोणाला तरी त्याची आठवण झाली. या नाण्यावर गरुड असलाच पाहिजे, असा कायदाच असल्यामुळे त्याला तिथे दाटीवाटीने बसवले आहे. शिल्पकार जॉन सिनॉक यांची ‘जे. आर. एस.’ ही आद्याक्षरे पाहून काही लोकांना जोसेफ स्टालिनचा संशय आला, तर केनेडींच्या मानेखालची रॉबर्ट्स यांची आद्याक्षरे गुंफलेली खूण काहींना विळा-हातोडा वाटली. शीतयुद्धाच्या काळात माणसे नाणेसुद्धा भिंग घेऊन वाचत होती, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

एकेका नाण्यासाठी एकेक भोक असलेल्या माझ्या निळ्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमधली बहुतेक भोके पाच वर्षांत भरली आहेत. फ्रँकलिन फक्त दोन मिळाले, तेही बँकेतल्या एका बाईंनी बाजूला काढून ठेवल्यामुळे. त्याही आधीच्या, १९१६ ते १९४७ च्या, चालत्या स्वातंत्र्यदेवतेचे एकच नाणे मला एका विक्रेत्याकडून विकत घ्यावे लागले. त्यावरची देवता इतकी झिजली आहे, की तिच्या झग्याच्या चुण्या बोटाला लागत नाहीत. हे नाणे दुकानांतून, खिशांतून आणि गल्ल्यांतून खरोखर फिरलेले आहे. त्याच्याशेजारी साठ वर्षांपूर्वीचे केनेडी ठेवले, तर त्यांच्या केसांची बट न् बट अजून मोजता येते.

त्यामुळे फोल्डरमधले माझे सर्वांत आवडते नाणे चांदीचे नाही. ते १९७२ चे, डेनव्हरचे आहे, आणि कोणाही विक्रेत्याने त्याचे पन्नास सेंटच दिले असते. पण त्यावरचे केनेडी गालापासून कानापर्यंत गुळगुळीत झाले आहेत आणि कडेच्या खाचा एका बाजूला पार गेल्या आहेत. कोणीतरी ते वर्षानुवर्षे पँटच्या एकाच खिशात, बहुधा किल्ल्यांबरोबर, वागवले असावे आणि मग कधीतरी, कोण जाणे का, बँकेत भरून टाकले. पुढच्या मंगळवारी माझे नववे खोके येणार आहे.