घोड्यांच्या कुरणातील बॅटरीवरची ढकलगाडी
मुळशी रस्त्यावरील एका पागेत आज बॅटरीवर चालणारी ढकलगाडी घेऊन कुरणातील लीद उचलण्याचे काम केले. प्रौढ घोडा दिवसाला साधारण १५ ते २० किलो लीद टाकतो, आणि ती गवतात तशीच राहिली तर जंतांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळी ओलाव्यात पात्यांवर चढून चरणाऱ्या घोड्याच्या पोटात पुन्हा पोहोचतात. म्हणूनच आठवड्यातून किमान दोनदा कुरण साफ करावे असे सांगितले जाते. काळ्या चिखलात साध्या गाडीचे एकुलते चाक रुतते आणि सारा भार घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या कंबरेवर येतो. या गाडीत मुठीजवळचा खटका दाबला की मोटर भरलेले ओझे चढावर ओढून नेते, शिवाय इंजिनाचा फटफटाट नसल्यामुळे घोडे बुजत नाहीत. (बुजली ती कुंपणाजवळची टिटवी.) लीद गोळा करण्यासाठी मात्र दाताळे घेऊन वाकावेच लागते, ते कष्ट मोटर वाचवत नाही. दोन-तीन घोड्यांसाठी हा खर्च मला अनाठायी वाटतो, परंतु जिथे खताचा खड्डा कुरणापासून दूर आणि चढावर आहे, तिथे पागेच्या मालकांनी ही गाडी अवश्य घ्यावी.