चौऱ्याहत्तर किलो

डॉक्टरांच्या तोंडून हेडसेटवर नको ते निघून गेलं. "पेशंट दोन आहेत. एक सात वर्षांची मुलगी."

पेशंट कोण, किती गंभीर, हे हेलिकॉप्टरनं पेशंट नेण्याच्या आमच्या कामात वैमानिकाच्या कानावर शक्यतो घालत नाहीत. मूल आहे म्हटलं की हिशेब घाईत होतो, समोरचे ढगही विरळ वाटू लागतात. मला हा नियम मनापासून पटतो.

आम्ही दरीच्या तळाशी नदीकाठच्या गोट्यांवर उतरलो होतो. उंची १,९०० मीटर, तापमान ३१ अंश. हेलिकॉप्टर बीके ११७, जर्मन एमबीबी आणि जपानी कावासाकी या कंपन्यांनी मिळून घडवलेलं, १९७९ साली पहिल्यांदा उडालेलं. आदल्या दिवशी याच केबिनमधून वणवा विझवणारी तुकडी सोडली होती. रात्री सीटा काढून स्ट्रेचर बसवले. या यंत्रावर माझा जीव आहे तो त्याच्या मागच्या बाजूमुळे. शेपटीचा दांडा उंच, त्याखाली दोन दारं शिंपल्यासारखी उघडतात आणि स्ट्रेचर सरळ आत सरकतं. दोन सहज मावतात. जागा होती, अडचण वजनाची होती.

दोन पेशंट मिळून ९५ किलो, आणि दोघांनाही स्वतंत्र माणूस हवा. म्हणजे डॉक्टर आणि पॅरामेडिक दोघंही सोबत. गरम, विरळ हवेत इंजिनं दमतात, पात्यांनाही पकड मिळत नाही. तरी एवढं वजन दोन्ही इंजिनांवर उचललं गेलं असतं. पण दुसरं इंजिन जास्त ओझं वाहायला नसतं; एक बंद पडलं तर उरलेल्यावर सुखरूप निघता यावं म्हणून असतं. तक्त्यावर बोट ठेवून पुन्हा आकडे काढले. त्या वजनाला एका इंजिनावर पुढच्या वीजतारा ओलांडता आल्या नसत्या.

"एकच नेता येईल. कोण, ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका."

डॉक्टर काही बोलल्या नाहीत. मॉनिटर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खाली उतरल्या. मागची दारं लागली. उड्डाणाआधी वजन विचारणं मला भागच होतं.

"चौऱ्याहत्तर," पॅरामेडिक म्हणाला.

म्हणजे मुलगी खाली राहिली होती.

जमिनीपासून हातभर उचलून टॉर्क, म्हणजे दोन्ही इंजिनं किती जोर लावतायत ते, पाहिलं; दोन्ही सुया जुळलेल्या होत्या. तारांवरून भरपूर उंचीनं निघालो. रुग्णालयाचं हेलिपॅड तेरा मिनिटांवर. त्या तेरा मिनिटांत मी काट्यांखेरीज कशाकडे पाहिलं नाही.

परतलो तेव्हा डॉक्टर गोट्यांवर गुडघे टेकून, पंख्याच्या वाऱ्याकडे पाठ करून मुलीवर ओणव्या झाल्या होत्या. एक हात वर, त्यात सलाईनची पिशवी. स्ट्रेचर आत सरकलं, दारं लागली.

या खेपेला मी वजन विचारलं नाही.