उंचीवर जाण्याआधी

पेरूमध्ये पाठीवर बॅग टाकून फिरणारी माणसं अरेकिपाला बहुतेक वेळा वाटेत पडतं म्हणून थांबतात. लिमा समुद्राकाठी, कुस्को 3,400 मीटरवर, तितिकाका सरोवर 3,800 मीटरवर आणि अरेकिपा मध्येच कुठेतरी 2,300 मीटरवर. विरळ हवेची सवय होईपर्यंत इथे मुक्काम करा, असं हॉस्टेलातला जो तो सांगतो. म्हणजे इथलं मुख्य काम श्वास घेणं आणि शहर बघणं जोडकाम. मला ही व्यवस्था फार मानवली. यादी हातात नसली की मी जास्त चांगली हिंडते.

जुनं शहर पांढरं आहे. ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या 'सिलार' दगडाचं. सह्याद्रीचा काळा कातळ बघत वाढलेल्या मला ज्वालामुखीचा दगड एवढा गोरा असू शकतो हे पटेना. शिवाय तो मऊ. ला कोम्पान्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर 1698 हे साल कोरलंय आणि त्याच्याभोवती इतकी दाट नक्षी की बोट टेकवायला कोरी जागा नाही. भूकंपांचं मात्र इथे सतत येणंजाणं. 2001 साली कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला होता. तो पुन्हा बांधला. गल्लीच्या टोकाला 5,822 मीटरचा एल मिस्ती ज्वालामुखी दिसतो. त्याच्याकडे कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. बघतो तो परका.

सांता कातालिना मठाचं तिकीट काढताना माझा हात आखडला होता. आत गेल्यावर अख्खी दुपार तिथेच गेली. 1579 साली स्थापन झालेला हा सुमारे पाच एकरांचा मठ म्हणजे शहरातलं शहर: निळ्या आणि गेरूच्या रंगाच्या भिंती, सेव्हिया, कोर्दोबा, तोलेदो अशी स्पेनमधल्या गावांची नावं दिलेल्या गल्ल्या. श्रीमंत घरच्या मुली इथे हुंडा देऊन ख्रिस्ती जोगिणी (नन) व्हायच्या. प्रत्येकीचं वेगळं घर, वेगळी चूल, दिमतीला मोलकरणी. अखेर 1871 मध्ये एक कडक जोगीण आली आणि तिने सगळ्यांना एका पंगतीला बसवलं. लोकांसाठी दारं उघडली ती थेट 1970 मध्ये. मला सगळ्यात आवडली ती धुणं धुवायची जागा. उतारावर मधोमध दगडी पन्हळ आणि दोन्ही अंगांना उभे चिरून आडवे ठेवलेले मोठाले मातीचे रांजण. पन्हळीत पाणी अडवलं की ते हव्या त्या रांजणात वळतं. देवघरं आणि तसबिरी खूप होत्या, पण माझा पाय निघेना तो इथून.

अँपातो शिखरावर 1995 साली सापडलेली, बळी दिलेली इंका मुलगी इथल्या संग्रहालयात काचेआड ठेवली आहे. तिला बघायला गेले नाही. पोराबाळांच्या देहाला तिकीट लावू नये, असं माझं आपलं मत.

त्याऐवजी सान कामिलो बाजारात गेले. बटाट्यांचे ढीगच्या ढीग: जांभळे, पिवळे, गाठाळ. शेजारी भुईमुगाच्या शेंगा, पलीकडे मिरच्या. आपल्या उपासाच्या ताटातले हे मानकरी मुळात अमेरिका खंडांतलेच. पोर्तुगीज जहाजं आली नसती तर आपल्या एकादश्या फारच कडक गेल्या असत्या. रोकोतो ही इथली ढोबळी मिरचीसारखी दिसणारी लालबुंद मिरची, बिया काळ्या. त्यात खिमा भरून वर चीज घालून भाजतात. भरली मिरची समजून बेफिकीर घास घेणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागते.

संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी बटाट्याची उपासाची भाजी केली. बटाटे, दाणे, मिरच्या त्याच बाजारातल्या. जिरंही तिथलंच, पण ते बिचारं माझ्यासारखंच बाहेरून आलेलं. स्पॅनिश लोकांनी आणलेलं. परदेशी पाहुण्यांनी पाण्याचे ग्लासवर ग्लास रिचवत कौतुक केलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी चमचाभर चाखली, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "चांगली आहे. मिरची घालायला विसरलात वाटतं."